इगोर इलिन्स्की : प्रेक्षकांकडे वळलेले हास्य

१. प्रस्तावना

सोव्हिएत रंगभूमी आणि चित्रपट यांचा अभ्यास आपल्याकडे बहुधा दिग्दर्शकांच्या नावांनी होतो. स्तानिस्लाव्हस्की, मेयरहोल्ड, आयझेनस्टाइन, पुदोव्हकिन ही नावे विद्यार्थ्याला परिचयाची असतात. त्यांचे सिद्धान्तही परीक्षेपुरते पाठ असतात. पण ते सिद्धान्त ज्यांच्या देहावर पारखले गेले, ते नट मात्र पाठ्यपुस्तकात तळटिपेपुरतेच उरतात. अभिनयाचा सिद्धान्त कागदावर कितीही चोख असला तरी तो रंगमंचावर कोणीतरी करून दाखवावा लागतो. म्हणून या टिपणात एका नटाकडून सिद्धान्ताकडे जायचे आहे.

तो नट म्हणजे इगोर व्लादिमिरोविच इलिन्स्की (१९०१–१९८७). मेयरहोल्ड यांच्या नाट्यगृहातील प्रमुख विनोदी नट, मूकपटांच्या काळातील लोकप्रिय तारा, पुढे मॉस्कोच्या माली थिएटरचे ज्येष्ठ कलावंत आणि दोन पिढ्यांच्या रशियन प्रेक्षकांना ठाऊक असलेले दोन 'साहेब' : 'व्होल्गा-व्होल्गा' (१९३८) मधील बिवालोव्ह आणि 'कार्निव्हलची रात्र' (१९५६) मधील ओगुर्त्सोव्ह.

या टिपणात तीन गोष्टी तपासायच्या आहेत. पहिली, मेयरहोल्ड यांच्या 'बायोमेकॅनिक्स'ने या नटाला नेमके काय दिले. दुसरी, यंत्रासारख्या अचूक देहाचे प्रशिक्षण घेतलेला नट यांत्रिक माणसाचीच टर उडवण्यात सर्वांत यशस्वी का ठरला. तिसरी आणि सर्वांत अवघड : सत्तेने मान्यता दिलेला विनोद हा उपहास राहतो का?

२. जडणघडण

इलिन्स्की यांचा जन्म मॉस्कोत १९०१ साली झाला. वडील दंतवैद्य होते आणि हौशी नटही. त्यामुळे नाटक घरात होतेच. १९१७ साली, म्हणजे क्रांतीच्याच वर्षी, ते फ्योदोर कोमिस्सारझेव्हस्की यांच्या नाट्यशाळेत दाखल झाले आणि १९१८ च्या आरंभी अ‍ॅरिस्टोफेनिसच्या 'लायसिस्ट्राटा'मधून रंगमंचावर आले. पहिलीच भूमिका म्हाताऱ्याची होती. नट सतरा वर्षांचाही पुरता नव्हता. ही बारीक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नायकाचे रूप, नायकाची उंची आणि नायकाचा आवाज यांच्या भरवशावर हा नट कधीच उभा राहिला नाही. वय, चाल, वजन या गोष्टी देहातून 'घडवाव्या' लागतात, हे त्यांना पहिल्या पावलापासून करावे लागले.

१९२० साली ते मेयरहोल्ड यांच्याकडे गेले. त्या वर्षी व्हर्हारेन यांच्या 'पहाट' या नाटकाने मेयरहोल्ड यांनी नव्या नाट्यगृहाचा आरंभ केला होता. १९२१ च्या मे दिनी मायकोव्हस्की यांच्या 'मिस्टरी-बूफ'ची दुसरी आवृत्ती रंगमंचावर आली. त्यात इलिन्स्की यांच्याकडे 'समेटवाला' हे पात्र होते : सगळ्यांशी जुळवून घेऊ पाहणारा आणि सगळ्यांकडून मार खाणारा. इथून पुढे या नटाच्या वाट्याला वारंवार तीच माणसे आली, ज्यांना इतिहासाच्या गाडीत नेमके कुठे बसावे हे कळत नाही.

३. बायोमेकॅनिक्स : सूत्र आणि देह

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला फ्रेडरिक टेलर हे नाव औद्योगिक अभियांत्रिकीच्या विषयात भेटते. कामगाराची प्रत्येक हालचाल मोजायची, अनावश्यक हालचाल काढून टाकायची, विश्रांतीची जागा ठरवायची आणि त्याच श्रमात जास्त काम मिळवायचे, हा टेलर यांच्या पद्धतीचा गाभा. क्रांतीनंतरच्या रशियात या विचाराने मोठेच गारूड केले होते. अलेक्सेई गास्तेव्ह या कवीने मॉस्कोत कामगारांच्या हालचालींच्या अभ्यासासाठी 'केंद्रीय श्रमसंस्था' चालवली. १९२२ च्या जून महिन्यात मेयरहोल्ड यांनी भविष्यकाळातील नटावर व्याख्यान दिले आणि हाच विचार रंगमंचावर आणला.

त्यांचे सूत्र गणितातल्यासारखे होते : न = अ१ + अ२. 'न' म्हणजे नट. 'अ१' म्हणजे कल्पना करणारा आणि हुकूम देणारा, 'अ२' म्हणजे तो हुकूम पाळणारा देह. दोन्ही एकाच माणसात. अ२ इतका तयार हवा की अ१ ने सांगितलेले त्याच क्षणी घडावे. यासाठी धनुष्य ताणणे, दगड फेकणे, थप्पड मारणे, खंजीर खुपसणे, छातीवर उडी घेणे असे अभ्यासप्रकार ठरवलेले होते. प्रत्येक कृतीचे तीन टप्पे : आधी उलट दिशेची तयारीची हालचाल, मग मूळ कृती, मग ठाम थांबा. पहिल्या टप्प्याला ते रशियन भाषेत 'नकार' अशा अर्थाचा शब्द वापरीत. हातोडा मारण्याआधी तो मागे न्यावा लागतो, उडी मारण्याआधी गुडघे वाकवावे लागतात. शक्ती साठवण्यासाठी जी गती उलटी जाते ती प्रेक्षकाला दिसली पाहिजे, कारण तिच्यामुळेच पुढची कृती ठसठशीत होते.

भावनेच्या बाबतीत मेयरहोल्ड यांची भूमिका विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाच्या विचाराजवळची होती : माणूस आधी पळतो आणि पळता पळता घाबरतो. नटाने आधी भीती 'अनुभवायची' गरज नाही. देहाची स्थिती अचूक असली की भावना मागाहून येते. आपल्या नाट्यशास्त्राच्या परिभाषेत मांडायचे तर ही सात्त्विकाकडे आंगिकाच्या वाटेने जाण्याची पद्धत. अर्थात ही तुलना समजण्यापुरतीच. भरताच्या मांडणीमागची रसदृष्टी इथे नाही, इथे कारखाना आहे.

४. 'दिलदार कक्कोल्ड' आणि 'जंगल'

हे सगळे कागदावरून रंगमंचावर उतरले ते २५ एप्रिल १९२२ रोजी. नाटक बेल्जियन लेखक फर्नांड क्रोमलिंक यांचे. पत्नीच्या जाराच्या संशयाने पछाडलेल्या नवऱ्याची ही गोष्ट. रशियन प्रयोगाच्या नावाचा अर्थ 'उदार मनाचा फसवला गेलेला नवरा' असा होतो. ब्रूनो हा गिरणीत राहणारा गावचा लेखनिक कवी. पत्नी स्टेला निष्पाप आहे, पण याच्या डोक्यात मत्सराचा किडा शिरतो. तिचा प्रियकर कोण हे शोधण्यासाठी तो गावातल्या प्रत्येक पुरुषाला तिच्या दाराशी आणून उभा करतो. जो येणार नाही तोच खरा, असा त्याचा तर्क!

ल्युबोव्ह पोपोवा यांनी या प्रयोगासाठी चित्रित पडदे, भिंती, फर्निचर असे काहीच ठेवले नाही. उतरणी, जिने, फिरते दार आणि मोठाली चाके यांचा एक लाकडी सांगाडा उघड्या रंगमंचावर उभा होता. ब्रूनोचे डोके तापले की चाके फिरू लागत. नटांच्या अंगावर निळ्या कापडाचे सारखेच कामाचे कपडे. इलिन्स्की ब्रूनो, मारिया बाबानोवा स्टेला आणि वासिली झाइचिकोव्ह हा ब्रूनोचा चिटणीस एस्त्रुगो. हे तिघे एकमेकांत इतके गुंतून खेळत की समीक्षकांनी तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरे जोडून 'इलबाझाय' असे एकच नाव तयार केले. तीन माणसांचा जणू एक देह.

इलिन्स्की यांच्या ब्रूनोबद्दल जी वर्णने उपलब्ध आहेत, त्यांतून एक विशेष दिसतो. ब्रूनोची लांबलचक, अलंकारिक भाषणे ते पांढऱ्याफटक, निर्विकार चेहऱ्याने आणि एकसुरी आवाजात म्हणत. हातवारे मात्र भव्य. आणि त्याच वेळी डोळे फिरवून, ढेकर देऊन, कसरती करून ते त्या भाषणाची हवा काढून टाकत. म्हणजे नट पात्र साकारतो आहे आणि त्याच क्षणी पात्रावर टिप्पणीही करतो आहे. पुढे ब्रेख्त यांच्या नावाने जी अंतर ठेवण्याची अभिनयपद्धती आपण शिकतो, तिच्या जवळची ही गोष्ट १९२२ सालची आहे.

दोन वर्षांनी, जानेवारी १९२४ मध्ये, ओस्त्रोव्हस्की यांचे जुने नाटक 'जंगल' मेयरहोल्ड यांनी ३३ प्रसंगांत तोडून नव्याने बांधले. इलिन्स्की त्यात अर्काश्का स्चास्त्लिव्ह्त्सेव्ह हा भटका विनोदी नट झाले. या प्रयोगातील मासेमारीचा मूकाभिनय गाजला. समोर नदी नाही, गळाला मासा नाही. तरी मासा लागतो, निसटतो, हातात तडफडतो, पुन्हा पकडला जातो. प्रेक्षकाला मासा 'दिसतो' तो नटाच्या बोटांच्या धडपडीतून. मासा एका बाजूला जाण्याआधी हात दुसऱ्या बाजूला झुकलेला असतो. म्हणजे वर सांगितलेला 'नकार' इथे एका अदृश्य जिवाला जन्म देतो. बायोमेकॅनिक्सवर कोरडेपणाचा आरोप करणाऱ्यांना याहून चांगले उत्तर देता येणार नाही.

५. मूकपट : कॅमेऱ्यापुढचा देह

१९२४ पासून इलिन्स्की यांची चित्रपटातील वाटचाल सुरू झाली, आणि तिचा बराचसा भाग 'मेझ्राब्पोम-रुस' या संस्थेशी आणि याकोव्ह प्रोताझानोव्ह या दिग्दर्शकाशी जोडलेला आहे. 'एलिता' (१९२४) या मंगळावरच्या कथेत ते हौशी गुप्तहेर क्रावत्सोव्ह होते. त्याच वर्षी 'मोस्सेलप्रोमची सिगारेटवाली' या चित्रपटात प्रेमात पडलेला दुय्यम हिशेबनीस. 'तोर्झोकचा शिंपी' (१९२५) हा तर सरकारी कर्जरोख्यांच्या सोडतीचा प्रचार करण्यासाठी काढलेला चित्रपट. पण हरवलेल्या रोख्यामागे धावणारा पेत्या पेतेल्किन प्रचाराचे ओझे न जाणवू देता प्रेक्षकाला हसवतो. पुढे 'तीस लाखांचा खटला' (१९२६) मधला भुरटा चोर तापिओका, 'मिस मेंड' (१९२६) मधला टॉम हॉपकिन्स, आणि 'मेरी पिकफर्डचे चुंबन' (१९२७) मधला तिकीट तपासनीस गोगा पाल्किन.

या शेवटच्या चित्रपटाची कल्पना मजेची आहे. १९२६ साली मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स मॉस्कोला आले होते. त्यांचे जे प्रत्यक्ष चित्रण झाले ते कथेत गुंफून दिग्दर्शक सेर्गेई कोमारोव्ह यांनी चित्रपट उभा केला. पिकफर्डच्या ओठांचा ठसा गालावर घेऊन फिरणाऱ्या गोगाच्या मागे अख्खे शहर लागते. चित्रपटतारकांच्या वेडावर सोव्हिएत चित्रपटाने केलेला हा विनोद, आणि तो करणारा नट स्वतःच एव्हाना तारा झालेला.

या भूमिकांत पुन्हा पुन्हा तीच जात दिसते : हिशेबनीस, शिंपी, तपासनीस, भुरटा चोर. नव्या आर्थिक धोरणाच्या काळातील शहरातली ही किरकोळ माणसे. क्रांती त्यांच्या अंगावरून गेली आहे, पण त्यांना हवे आहे ते एक बरे लग्न, एक सोडतीचे तिकीट, एक चुंबन. अनेक समीक्षकांनी या काळातील इलिन्स्की यांची तुलना पाश्चात्त्य विनोदी नटांशी केली. साम्य वरवरचे आहे. चॅप्लिनचा भटक्या जगाच्या बाहेर उभा असतो. इलिन्स्की यांचा छोटा माणूस जगाच्या आत घुसायला धडपडत असतो.

प्रोताझानोव्ह यांच्या 'संत योर्गेनचा उत्सव' (१९३०) मध्ये हा देह सर्वांत मोकळेपणाने दिसतो. इलिन्स्की यांचा फ्रान्झ आणि अनातोली क्तोरोव्ह यांचा कोर्किस हे दोन चोर धर्मपीठाच्या गर्दीत अडकतात. चोर संताचे सोंग घेतो आणि दुसरा पांगळ्याचे. कुबड्यांवर जिना उतरणारा फ्रान्झ हा तोल आणि तोल जाणे यांतला एक धडाच आहे. विद्यार्थ्यांनी हा प्रसंग आवाज बंद करून पाहावा आणि प्रत्येक घसरणीआधी देह कोणत्या दिशेला जातो ते टिपावे.

६. पहिला शेवट : प्रिसिप्किन प्रेक्षकांना ओळखतो

१३ फेब्रुवारी १९२९ रोजी मेयरहोल्ड यांनी मायकोव्हस्की यांचे 'ढेकूण' रंगमंचावर आणले. संगीत तरुण शोस्ताकोविच यांचे, नाटकाच्या भविष्यकाळातील भागाचे नेपथ्य रोदचेंको यांचे. इलिन्स्की झाले प्रिसिप्किन.

प्रिसिप्किन हा एके काळचा कामगार आणि पक्षसदस्य. आता त्याला गाणी, गिटार, आरशाचे कपाट आणि हेअर कटिंग सलूनच्या मालकाची मुलगी हवी आहे. ज्या कामगार मुलीला त्याने वाऱ्यावर सोडले ती स्वतःला संपवण्याचा प्रयत्न करते. लग्नाच्या मेजवानीत आग लागते, बंबाच्या पाण्यात तो गोठतो आणि पन्नास वर्षांनी, १९७९ साली, त्याला वितळवले जाते. भविष्यातील स्वच्छ, निर्जंतुक समाज त्याला एका ढेकणासोबत पिंजऱ्यात ठेवतो.

इलिन्स्की यांनी हा माणूस फुगवून, जाड करून, जणू भिंगाखाली ठेवून दाखवला. पण नाटकाचा खरा डंख शेवटी आहे. पिंजऱ्याबाहेर आणलेला प्रिसिप्किन अचानक प्रेक्षागृहाकडे पाहतो आणि हर्षभरित होतो : ही तर माझीच माणसे! तुम्हाला कधी वितळवले, असे तो त्यांना विचारू लागतो. इतका वेळ त्याला हसणारा प्रेक्षक एका क्षणात पिंजऱ्यात जातो. हास्याची दिशा उलटते.

हा शेवट लक्षात ठेवा, कारण यापुढच्या दोन मोठ्या भूमिका याच क्षणाशी ताडून पाहायच्या आहेत.

७. तुटलेली साखळी

इलिन्स्की आणि मेयरहोल्ड यांचे नाते सरळ नव्हते. विसाच्या दशकाच्या मध्यावर नट एकदा बाहेर पडला आणि परतला. १९३५ साली चेकॉव्हच्या एकांकिकांवर बेतलेल्या '३३ वेळा मूर्च्छा' या प्रयोगात लोमोव्हची भूमिका करून त्याच वर्षी तो कायमचा गेला. १९३६ साली त्यांनी इल्फ आणि पेत्रोव्ह यांच्या पटकथेवर 'एकदा उन्हाळ्यात' हा चित्रपट सहदिग्दर्शित केला.

मग जे घडले ते कोणत्याही कलाविषयक वादापेक्षा फार मोठे होते. डिसेंबर १९३७ मध्ये 'प्रावदा'त मेयरहोल्ड यांच्या नाट्यगृहाला 'परके' ठरवणारा लेख आला. जानेवारी १९३८ मध्ये नाट्यगृह बंद झाले. जून १९३९ मध्ये मेयरहोल्ड यांना अटक झाली, काही आठवड्यांतच त्यांच्या पत्नी, अभिनेत्री झिनाइदा राइख, यांची घरात हत्या झाली आणि २ फेब्रुवारी १९४० रोजी मेयरहोल्ड यांना गोळ्या घालण्यात आल्या. १९५५ पर्यंत त्यांच्या निर्दोषत्वाचा उच्चार अधिकृतपणे झाला नाही. या साऱ्या काळात त्यांचे नाव कौतुकाने घेणेही धोक्याचे होते.

इलिन्स्की १९३८ साली माली थिएटरमध्ये गेले. माली म्हणजे ओस्त्रोव्हस्की यांच्या परंपरेचे घर, शब्दांचे आणि स्वभावचित्रणाचे नाट्यगृह. चाकांच्या सांगाड्यावर उड्या मारणाऱ्या नटाला आता खोलीच्या भिंतींमध्ये, गोगोल आणि ग्रिबोयेदोव्ह यांच्या वाक्यांत जगायचे होते.

८. दुसरा शेवट : 'व्होल्गा-व्होल्गा'

त्याच १९३८ साली ग्रिगोरी अलेक्सान्द्रोव्ह यांचा 'व्होल्गा-व्होल्गा' प्रदर्शित झाला. मेल्कोवोद्स्क, म्हणजे 'उथळ पाण्याचे' गाव. तिथल्या लहानसहान उद्योगांचा प्रमुख बिवालोव्ह. त्याच्या कारखान्यातले बलालायका वाजत नाहीत, पण त्याचे डोळे मॉस्कोकडे लागलेले. हौशी कलावंतांना स्पर्धेसाठी मॉस्कोला पाठवा, अशी तार घेऊन टपालवाली स्त्रेल्का (ल्युबोव्ह ओर्लोवा) येते, तेव्हा याला गावात एकही गुणी माणूस दिसत नाही. आणि इकडे रस्त्यात, उपाहारगृहात, नदीवर जो तो गातो आहे, नाचतो आहे.

इलिन्स्की यांचा बिवालोव्ह हा देहाच्या भाषेचा उत्तम नमुना आहे. तो दूरध्वनीवरून रुबाबात 'गॅरेज'ला हुकूम सोडतो, आणि हुकूम असतो घोडी जुंपण्याचा! खालच्या माणसाशी बोलताना छाती आणि हनुवटी पुढे. मॉस्कोचा उल्लेख झाला की तोच कणा मऊ होतो. अधिकाराची उतरंड या माणसाच्या मणक्यांत बसली आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ हेन्री बर्गसाँ यांनी १९०० साली 'हास्य' या ग्रंथात मांडले होते की जिवंत माणसावर यांत्रिकपणाचा लेप चढला की आपल्याला हसू येते. इथे मेयरहोल्ड यांच्या शाळेतला एक गमतीदार विरोधाभास उलगडतो. ज्या नाट्यगृहाने माणसाला यंत्रासारखे अचूक होण्याचे स्वप्न दाखवले, त्याच नाट्यगृहातून यंत्र झालेल्या माणसाचा सर्वांत मोठा विडंबनकार बाहेर पडला. याचे कारण उघड आहे : स्वतःच्या देहाचा प्रत्येक सांधा ताब्यात असलेला नटच दुसऱ्याचा गंजलेला सांधा नेमका दाखवू शकतो.

आता अवघड प्रश्न. हा चित्रपट स्टालिन यांच्या आवडीचा होता आणि १९४१ साली त्याला स्टालिन पुरस्कार मिळाला. इलिन्स्कीही त्या पुरस्काराचे मानकरी ठरले. याच चित्रपटाचे छायाचित्रकार व्लादिमिर निल्सेन यांना १९३७ मध्ये अटक झाली आणि जानेवारी १९३८ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या; श्रेयनामावलीतून त्यांचे नाव गेले. पटकथेचे एक लेखक निकोलाय एर्डमन हे १९३३ साली अटक होऊन सैबेरियात पाठवले गेले होते. त्यांचेही नाव पडद्यावर आले नाही. पडद्यावर ऊन, नदी, गाणी. पडद्यामागे पुसलेली नावे.

चित्रपटाच्या शेवटी पात्रे प्रेक्षकांसमोर येतात आणि गाण्यातून सांगतात की हा विनोद कशासाठी होता, कोणाला हसायचे होते. 'ढेकूण'च्या शेवटाशी हे ताडून पाहा. प्रिसिप्किनने हास्य प्रेक्षकावर उलटवले होते. इथे हास्याला पत्ता लिहून दिला आहे. दोषी एकच : उथळ गावातला एक उथळ साहेब. त्याच्या वर जे आहे ते मॉस्को, आणि मॉस्को निर्मळ आहे. मॉस्कोकडे बोट न जाण्याची काळजी चित्रपटाच्या रचनेतच घेतलेली दिसते. माझ्या मते 'व्होल्गा-व्होल्गा'ची मर्यादा अभिनयात नाही, ती या पत्त्यात आहे.

तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. नट जे दाखवतो ते पटकथेच्या पत्त्यापुरते थांबत नाही. वरच्यासमोर वाकणारा आणि खालच्यावर गुरगुरणारा कणा एकदा डोळ्यांत भरला, की प्रेक्षक तो कुठेही ओळखतो : गावात, जिल्ह्यात, राजधानीत. सत्तेला विनोद मान्य करता येतो. प्रेक्षकाने तो कुठे लावून पाहावा यावर मात्र तिची हुकमत पुरती चालत नाही. म्हणून या भूमिकेला निव्वळ दरबारी विनोद म्हणणे अन्यायाचे होईल आणि धाडसी उपहास म्हणणे भाबडेपणाचे.

९. तिसरा शेवट : 'कार्निव्हलची रात्र' आणि अकीम

१९५६ च्या फेब्रुवारीत विसाव्या पक्षपरिषदेत ख्रुश्चेव्ह यांनी स्टालिनपूजेवर टीका केली. त्याच वर्षाच्या अखेरीस, नव्या वर्षाच्या तोंडावर, एल्दार र्‍याझानोव्ह या तरुण दिग्दर्शकाचा 'कार्निव्हलची रात्र' प्रदर्शित झाला. सांस्कृतिक भवनाचा प्रभारी प्रमुख ओगुर्त्सोव्ह नववर्षाचा कार्यक्रम 'योग्य पातळीवर' आणायला निघाला आहे. त्याला हवे आहे भाषण, व्याख्यान, ज्येष्ठांचे वाद्यवृंद, नर्तिकांचे अंग झाकलेले कपडे. तरुण मंडळी त्याला हरतऱ्हेने चकवतात.

ओगुर्त्सोव्ह हा बिवालोव्हचा धाकटा भाऊ वाटतो, पण दोघांत फरक आहे. बिवालोव्ह भपकेबाज होता, त्याला वर जायचे होते. ओगुर्त्सोव्हला कुठेही जायचे नाही. त्याला फक्त काही होऊ द्यायचे नाही. तो उद्धट नाही, मनापासून कामसू आहे. आनंदाला शिस्त लागावी अशी त्याची प्रामाणिक तळमळ आहे. म्हणूनच तो जास्त भीतिदायक आहे. पंचावन्न वर्षांच्या इलिन्स्की यांनी इथे उड्या कमी केल्या आहेत. मान, डोळे आणि आवाजाची सपाट लय एवढ्यावर माणूस उभा केला आहे.

आणि शेवट. कार्यक्रम रंगून संपल्यावर ओगुर्त्सोव्ह एकटा पडद्यावर येतो, प्रेक्षकांना थांबवतो आणि अधिकृतपणे जाहीर करतो की आज इथे जे काही झाले त्याची कोणतीही जबाबदारी वैयक्तिकरीत्या त्याच्यावर नाही. तिसऱ्यांदा इलिन्स्की यांचा माणूस प्रेक्षकांकडे वळला आहे. पहिल्याने म्हटले, तुम्ही माझेच. दुसऱ्या वेळी चित्रपटाने म्हटले, दोषी हा एकटाच. तिसरा म्हणतो, मी नव्हेच. १९५६ च्या प्रेक्षागृहात हे वाक्य हसवून गेले असेल. पण ज्या वर्षी एक अख्खा देश 'हे सगळे कोणी केले' असे विचारू लागला होता, त्या वर्षी हा विनोद किती खोल जात होता याचा विचार करावा.

याच १९५६ साली माली थिएटरमध्ये बोरिस राव्हेन्स्किख यांनी तोल्स्तोय यांचे 'अंधाराची सत्ता' रंगमंचावर आणले आणि इलिन्स्की यांनी अकीम केला. अकीम हा म्हातारा शेतकरी, शौचकूप उपसण्याचे काम करणारा. त्याला धड बोलता येत नाही. वाक्य अडखळते, शब्द सापडत नाही. पण नाटकातले सत्य त्याच्याच तोंडी आहे. एकाच वर्षातील या दोन भूमिका शेजारी ठेवल्या की नटाची खरी उंची दिसते. ओगुर्त्सोव्ह अस्खलित बोलतो आणि काहीच सांगत नाही. अकीम अडखळतो आणि सगळे सांगतो. ज्याने आयुष्यभर पोकळ भाषणे कशी फुगतात याचा अभ्यास केला, त्यालाच मुक्या सचोटीचे वजन कळले.

१०. उत्तरायुष्य आणि साक्ष

१९६१ साली इलिन्स्की यांचे आत्मकथन 'स्वतः स्वतःविषयी' अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाले. मेयरहोल्ड यांच्या तालमी, त्यांच्या सूचना, त्यांच्याशी झालेले खटके यांविषयी इतक्या जवळून लिहिलेले साहित्य त्या काळात विरळ होते. ज्या नाट्यगृहाचे दप्तर आणि नाव दोन्ही गाडले गेले होते, त्याची आठवण त्या प्रयोगांत खेळलेल्या नटाने छापील शब्दांत आणली. कुठे ते गुरूशी असहमत आहेत, कुठे कृतज्ञ. ही मिश्र चवच त्या साक्षीला विश्वासार्ह करते.

१९६२ च्या 'हुसारांची गाथा' मध्ये त्यांनी सेनापती कुतुझोव्ह साकारला. १९७८ साली इओन द्रुत्से यांच्या नाटकात ते वृद्ध तोल्स्तोय झाले. १३ जानेवारी १९८७ रोजी मॉस्कोत त्यांचे निधन झाले.

११. मूल्यमापन

इलिन्स्की यांची कारकीर्द सहसा दोन तुकड्यांत सांगितली जाते : बंडखोर तारुण्य आणि मान्यवर प्रौढपण. या टिपणाचा आग्रह असा की धागा एकच आहे. मेयरहोल्ड यांच्या शाळेतील अचूक देह माली थिएटरच्या भिंतींत आणि चित्रपटाच्या पडद्यावर टिकून राहिला. शाळा बंद करता आली, पण नटाच्या स्नायूंत बसलेली तालीम जप्त करता आली नाही. बदलला तो विनोदाचा पत्ता. त्या पत्त्यावर त्या त्या काळाची सही आहे आणि ती वाचणे हे समीक्षकाचे काम आहे.

ते वाचले यासाठी नटाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे, आणि त्यांना संत ठरवणेही. दोन्ही टाळून भूमिका पाहाव्यात. ज्यांची नावे पुसली गेली त्यांच्या कामाचा काही भाग या एका माणसाच्या चालीत, थांब्यात आणि वळण्यात आजही पडद्यावर दिसतो. निल्सेन यांची चौकट, एर्डमन यांचे वाक्य, मेयरहोल्ड यांचा 'नकार' : बिवालोव्हच्या एका वळणात तिन्ही एकत्र आहेत. ते ओळखता येणे हाच या अभ्यासाचा उपयोग.

विचारार्थ प्रश्न

१. न = अ१ + अ२ हे सूत्र 'जंगल'मधील मासेमारीच्या प्रसंगाला लावून दाखवा. भावना या सूत्रात कुठे बसते?

२. 'ढेकूण', 'व्होल्गा-व्होल्गा' आणि 'कार्निव्हलची रात्र' यांच्या शेवटांची तुलना करा. प्रत्येक शेवटी हास्याची जबाबदारी कोणावर टाकली जाते?

३. बिवालोव्ह आणि ओगुर्त्सोव्ह यांपैकी एकाचा कोणताही दोन मिनिटांचा प्रसंग आवाज बंद करून पाहा. केवळ देहावरून त्या माणसाचे हुद्द्यातील स्थान ओळखता येते का, ते कारणांसह लिहा.

४. सत्तेने पुरस्कार दिलेला उपहास उपहास राहतो का? आपल्या भाषेतील एखाद्या नाटकाचा किंवा चित्रपटाचा दाखला घेऊन चर्चा करा.